निदान न झालेला आजार

दीर्घकाळ चाललेल्या, पण नाव न मिळालेल्या आजाराचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात आजार वैद्यकाला चांगला ठाऊक असतो. फक्त या रुग्णात तो ओळखला गेलेला नसतो. दुसऱ्या प्रकारात आजारच इतका विरळ किंवा नवा असतो की बहुतेक डॉक्टरांनी तो आयुष्यात पाहिलेला नसतो. घरच्यांना दोन्ही सारखेच भासतात. ताप येतो-जातो, वजन उतरते, पाय भरून येतात, चार घास खाल्ले की पोट दुखते आणि रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’ येतात. शोधाच्या वाटा मात्र दोन्हींच्या वेगळ्या आहेत. पहिला प्रकार दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक आढळतो, म्हणून सुरुवातही तिथूनच करावी लागते.

ओळखीचा आजार निसटण्याचे मोठे कारण रुग्णाच्या भटकंतीत असते. उदाहरणार्थ, जामखेड तालुका अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांना लागून आहे. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे 75 किलोमीटरवर. त्यामुळे इथला रुग्ण कधी नगरला, कधी बीडला, कधी बार्शीला आणि अखेर पुण्याला जातो. प्रत्येक ठिकाणी तो ‘नवा पेशंट’ असतो, तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात आणि आधीच्या गोळ्यांची नावे कुणाला आठवत नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर दिवाळीनंतर गाव सुटते आणि गावात सुरू झालेला उपचार कारखान्याच्या तळावर तुटतो. मजुरी बुडू नये म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. दुखणे असह्य झाले की सलाईन लावून दोन दिवस बरे वाटते, आणि त्या दोन दिवसांत मूळ लक्षणेही झाकली जातात. या सगळ्या वाटेत प्रत्येक डॉक्टर आजाराचा एकेक तुकडा पाहतो. संपूर्ण आजार पाहिलेला असतो तो घरातल्याच कुणीतरी.

वैद्यकानेही हे मोजून पाहिले आहे. 1975 साली ब्रिटनमधील हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागातील 80 रुग्णांची निदाने कशी झाली ते तपासले. त्यांपैकी 66 रुग्णांत आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी आणि रुग्णाने सांगितलेली हकिकत एवढ्यावरच अंतिम निदान हाती आले होते. शारीरिक तपासणीने 7 आणि प्रयोगशाळेने 7 रुग्णांत निदान बदलले. यंत्रे त्यानंतर पुष्कळ सुधारली, पण कोणती तपासणी करायची हे अजूनही हकिकतच ठरवते. तपासणी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ तेवढाच असतो.

याचे ठळक उदाहरण ब्रुसेल्लोसिस. शेळ्या, गाई, म्हशी सांभाळणाऱ्या दुष्काळी पट्ट्यातल्या कुटुंबांना त्याचा धोका असतो. जनावर गाभडले, वार काढताना उघड्या हाताने काम केले, किंवा कच्चे दूध पोटात गेले की जंतू माणसात येतात. ताप चढ-उतार करत महिने काढतो, रात्री घाम येतो, कंबर धरते. मणक्याच्या क्षयाशी त्याची सहज गल्लत होते. हा जंतू प्रयोगशाळेत सावकाश वाढतो, त्यामुळे संशय आधी कळवावा लागतो. निदान झाले तर दोन प्रतिजैविके किमान सहा आठवडे घेऊन आजार बरा होतो. पण गोठ्यात काय घडले हे कुणी विचारलेच नाही, तर या तपासणीचे नाव कागदावर येत नाही.

ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता तशीच निसटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा 441 पुरुषांची पाहणी केली. त्यांत 67 टक्क्यांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले. तळपायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा, चिडचिड अशी लक्षणे ‘वयोमाना’च्या खात्यावर टाकली जातात. पोटाचा क्षय, थायरॉइडचे विकार, गव्हाची ॲलर्जी समजला जाणारा सिलिॲक आजार हेही या यादीतले. आणि एक प्रश्न हमखास राहून जातो: आणखी कोणती औषधे चालू आहेत? काही भस्मांमधून शिसे पोटात जाते. त्यामुळे पोटात असह्य कळा येतात आणि रक्त कमी होते. पुडीतल्या ‘दम्याच्या औषधा’त स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. डॉक्टर रागावतील या भीतीने घरचे ते सांगत नाहीत.

नाव नसलेल्या आजाराला गावात मात्र नाव पटकन मिळते: करणी, बाधा, कुणाची तरी नजर. अघोरी उपचारांविरुद्ध महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे. दवाखान्यातही याला एक जोड आहे. काहीच सापडले नाही की ‘मनाचे आहे’ असा शेरा पडतो. नैराश्य हा खरा आजार आहे आणि त्याचे निदान त्याच्या स्वतःच्या लक्षणांवरून करायचे असते. बाकी सारे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून उरलेल्या जागेत भरायचे नसते.

स्त्रियांच्या बाबतीत न विचारण्याची परंपरा सर्वांत जुनी आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. म्हणजे दुखणे घरोघर होते, निदान जवळपास कुठेच नव्हते. निदानाला बगल दिली की काय होते ते जामखेडला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये समोर आले. ऊसतोड करणाऱ्या सुमारे 82 हजार स्त्रियांच्या सरकारी पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी अनेकदा औषधाने बऱ्या होतात. कारण न शोधता केलेली शस्त्रक्रिया शोध संपल्याचा आभास तेवढा निर्माण करते.

सर्वांत जवळच्या माणसाला पाहायला आणि विचारायला शिकवले, तर काय बदलते याचा प्रयोग जामखेडमध्येच झाला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या दांपत्याने 1970 मध्ये येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर आणि अनेकदा दलित स्त्रिया ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत, मुक्काम करत आणि शिकलेले गावात नेत. 1971 मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत होती. पुढच्या दोन दशकांत हा आकडा कोसळला. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये घेतलेली दखल यांमुळे प्रकल्प बालमृत्यू घटवण्यासाठी गाजला. या विषयाच्या दृष्टीने त्याचे कुष्ठरोगाचे काम अधिक बोलके आहे.

कुष्ठरोग हा लपवला जाणारा, म्हणून निदान न होणारा दीर्घ आजार. फिकट चट्टा दुखत नाही, खाजत नाही; संवेदना गेलेली असते एवढेच. बाहेरून आलेल्या पथकापुढे पाठीवरचा चट्टा कुणी उघडा करत नाही. गावानेच निवडलेली आरोग्य सेविका मात्र शेजारीण असते. न्हाऊ-माखू घालताना, बाळंतिणीकडे जाता-येता तिला तो दिसतो, आणि स्पर्श कळतो की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. आरोळे यांनी कुष्ठरुग्णांसाठी वेगळे आवार न ठेवता इतर रुग्णांबरोबरच त्यांच्यावर उपचार केले, त्यामुळे निदान म्हणजे गावाबाहेर जाणे हे समीकरणही सुटले. ही बाब किरकोळ नाही. निदानाची किंमत आजारापेक्षा जड असेल, तर घरचे शोध सुरूच करत नाहीत.

2005 नंतर देशभर आशा कार्यकर्त्या आल्या. कल्पना हीच होती, पण मोबदल्याचा बराच भाग कामानुसार मिळतो: प्रसूती, लसीकरण, क्षयाचा उपचार. नाव नसलेल्या दुखण्याला त्या तक्त्यात रकाना नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही ठरलेल्या उपचारांची आहे. निदानापूर्वीची भटकंती आणि बाह्यरुग्ण तपासण्या बहुधा खिशातूनच होतात.

हकिकतीने एक अख्खा आजार कसा उलगडला, याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण बालकांच्या यकृताचे आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचे पोट फुगू लागे, मूल किरकिरे होई, बरगडीखाली कठीण यकृत हाताला लागे; मग कावीळ, पोटात पाणी आणि बहुधा काही महिन्यांत मृत्यू. घरांत त्याला नुसते ‘लिव्हर’ म्हणत. कोलकात्यात 1887 मध्ये त्याचे वर्णन झाले होते, पण कारण जवळपास शंभर वर्षे सापडले नाही. एकाच घरात एकापाठोपाठ दोन-तीन मुले जात, म्हणून तो आनुवंशिक मानला गेला, आणि आईच्या पदरी दोष आला.

यकृताच्या नमुन्यांत तांब्याचे प्रमाण अफाट आढळत होते. हे तांबे आजाराचे कारण की परिणाम, हा वाद होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी प्रश्न स्वयंपाकघरात नेला: मुलाला वरचे दूध कधी सुरू केले, कशात तापवले, कशात ठेवले? 1983 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाने पितळी आणि तांब्याच्या भांड्यांकडे बोट दाखवले. अशा भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधातली प्रथिने तांबे धरून ठेवतात. कल्हई शाबूत असेल तर धातू दुधाला लागत नाही. ती उडाली की लागतो. आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांना हा आजार क्वचितच होई. एकाच घरातली मुले का जात, याचे किमान अर्धे उत्तर तिथे होते: पातेले तेच होते. तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामीन हे औषध लवकर सुरू केल्यास काही मुले वाचू लागली. स्टीलची भांडी घरोघर आली आणि नव्वदीच्या दशकात आजार दिसेनासा झाला.

त्या भांड्यांतले दूध प्यालेली सगळीच मुले आजारी पडत नव्हती, त्यामुळे काही मुलांत जन्मतः कल असावा, हा तर्क टिकून आहे. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातील शोधाने त्याला बळ दिले. तिथे 1900 ते 1974 या काळात 138 बालके अशाच आजाराने गेल्याचे 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यांतलेच होते आणि आजार ठरावीक घराण्यांत फिरत होता. टिरोलचे डॉक्टर आणि पुण्याचे डॉक्टर एकाच प्रश्नाने उत्तरापर्यंत पोहोचले, आणि तो प्रश्न कोणत्याही आईला उत्तर देता येईल असा होता.

म्हणून घरच्यांनी ठेवलेली नोंद हे निदानाचे साधन आहे. तिच्यात पहिले लक्षण कोणत्या महिन्यात आले, त्याआधी काय घडले, महिन्याचे वजन, तापाची वेळ, घेतलेले प्रत्येक औषध आणि त्याने पडलेला फरक, काम, पाणी, जनावरे, आणि नात्यात कुणाला असेच काही झाले होते का, एवढे असावे. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि एमआरआयच्या सीडी मागून घ्याव्यात. नुसता छापील निष्कर्ष दुसऱ्या तज्ज्ञाला अपुरा पडतो. एका डॉक्टरला मुख्य मानून बाकीच्यांची मते त्याच्याकडे आणावीत. डॉक्टर बदलणे चूक नाही. प्रत्येक बदलाबरोबर फाईल हरवणे ही चूक आहे.

एवढे करूनही उत्तर मिळत नाही तेव्हा दुसरा प्रकार सुरू होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2008 मध्ये निदान न झालेल्या रुग्णांसाठी खास कार्यक्रम सुरू केला. 2011 मध्ये त्यांनी केंटकी राज्यातील पाच भावंडांच्या पायदुखीचा उलगडा केला: एका जनुकातील दोषामुळे धमन्यांत कॅल्शियम साचत होते. आजार जगाला नवा होता. नाव मिळाले म्हणून औषध लगेच मिळाले नाही. शोधाची दिशा तेवढी मिळाली.

भारतात मार्च 2021 मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आले. मुंबईचे केईएम रुग्णालय त्याच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. धोरणातील आजारांच्या उपचारांसाठी 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, पण त्यासाठी आजाराला आधी नाव असावे लागते. जनुकांच्या सविस्तर तपासणीतून शंभरांपैकी साधारण 25 ते 40 रुग्णांनाच ते मिळते. रुग्णाबरोबर आई-वडिलांचे नमुने दिले तर शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत नात्यातल्या लग्नाची माहिती डॉक्टरांना सांगणे फार महत्त्वाचे. तिथे लपलेला दोष दोन्हीकडून येण्याचा संभव अधिक असतो. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असे लिहून आलेला बदल म्हणजे निदान नव्हे, आणि त्यावरून लग्ने मोडू नयेत.

उत्तर न आलेली जनुक तपासणी फुकट जात नाही. नवे जनुक दरवर्षी सापडतात, त्यामुळे जुन्याच माहितीचे एक-दोन वर्षांनी पुन्हा विश्लेषण केल्यावर काही कुटुंबांना निदान मिळते. मूळ माहितीची प्रत प्रयोगशाळेकडून मागून ठेवावी. मूल वाचण्याची आशा नसेल तेव्हाही त्याच्या रक्ताचा नमुना डीएनएसाठी जपून ठेवण्याची विनंती आई-वडिलांना करता येते. दोष सापडला, तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना घेऊन तोच दोष आहे की नाही हे पाहता येते.