अंजनेरीच्या चढणीवर

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीचा माथा सुमारे १३०० मीटरवर. हजार मीटर चढलं, की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंडावते. शिवाय वारा, पाऊस आणि मातीचा थरही बदलतो, म्हणून वनस्पतीही बदलतात. निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टनं १८०२ साली दक्षिण अमेरिकेतला चिंबोराझो पर्वत चढताना हेच नोंदवलं होतं.

अंजनेरीच्या पायथ्याला झाडी, कड्यांच्या कपारीत गिधाडांची घरटी आणि वर पठारावर पावसाळी रोपं. त्यातलीच एक कंदीलपुष्पाची जात, ‘सेरोपेजिया अंजनेरिका’, हिची शास्त्रीय नोंद २००६ मध्ये झाली. फार देखणं फूल! कंदीलपुष्पाच्या नळीत चिलटं शिरतात आणि आतल्या केसांमुळे अडकतात. केस सुकले, की ती परागांच्या पुड्या घेऊन सुटतात.

उंचीबरोबर वनस्पती कशा बदलतात ते पाहायला श्रावण-भाद्रपदात जरूर जा. दर शंभर मीटरला थांबा, सारख्याच मापाचा चौकोन आखा, त्यात दिसेल ते वहीत लिहा, उंचीसकट. रोप मात्र उपटू नका. आणि पठारावर पाऊल जपून टाका, कारण कंदीलपुष्पाचे कंद तिथल्या पातळ मातीतच असतात.