दिनो झॉफ : गोलरक्षक ते प्रशिक्षक

(वार्षिक क्रीडा-पारितोषिक समारंभातील भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभात खेळाविषयी चार शब्द बोलावेत अशी मला सूचना आहे. खेळाने शरीर निरोगी राहते, शिस्त लागते, खिलाडूवृत्ती अंगी बाणते, हे आपण दरवर्षी ऐकतो आणि ते खरेही आहे. तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एका माणसाची हकीकत सांगावी असे मी ठरवले आहे. हा माणूस इटली देशाचा. नाव दिनो झॉफ. प्रथम फुटबॉलचा गोलरक्षक आणि नंतर प्रशिक्षक. त्याने मिळवलेल्या चषकांची यादी मोठी आहे. परंतु मला तो आठवतो तो दुसऱ्याच कारणासाठी. 'हा आपल्या कामाचा नाही' असा निकाल त्याला आयुष्यात तीन वेळा ऐकावा लागला : वयाच्या चौदाव्या वर्षी, छत्तिसाव्या वर्षी आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी. या तीन निकालांना त्याने काय उत्तर दिले, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय आहे.

आधी गोलरक्षकाचे काम समजून घेऊ. अकरा खेळाडूंपैकी दहा जणांना खेळ चालू असताना चेंडूला हात लावता येत नाही. तो अधिकार एकट्या गोलरक्षकाला, आणि तोही आपल्या गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीतच. त्याच्या पाठीमागे चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असा मोकळा दरवाजा असतो. पुढच्या फळीतल्या खेळाडूने पाच संधी दवडल्या आणि सहाव्या वेळी गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. गोलरक्षकाने पाच गोल अडवले आणि सहावा सुटला, तर चर्चा सहाव्याचीच होते. आपल्या घरातल्या आईचे काम असेच असते. वर्षभर जेवण वेळेवर मिळते तेव्हा कोणी बोलत नाही. एक दिवस मीठ जास्त पडले की घरभर बोलणे होते. असे काम पत्करणाऱ्या माणसाचे मन फार घट्ट असावे लागते.

झॉफचा जन्म २८ फेब्रुवारी १९४२ रोजी, इटलीच्या ईशान्य भागातील फ्रिउली प्रांतात, मारियानो नावाच्या गावी झाला. घर शेतकऱ्याचे. चौदाव्या वर्षी तो युव्हेंटस आणि इंटर या दोन नामांकित क्लबांकडे चाचणीसाठी गेला. दोघांनीही त्याला परत पाठवले. कारण एकच, उंची कमी! गोलरक्षकाला उंची लागते, हे खरे. पण चौदा वर्षांच्या मुलाची उंची ही शेवटची उंची नव्हे, याचा विचार कोणी केला नाही. त्याच्या आजीने त्याला रोज आठ अंडी खाऊ घालण्याचा उपाय काढला, असे सांगतात. अंड्यांचा गुण की वयाचा, कोण जाणे. पण पुढील चार-पाच वर्षांत मुलगा चांगला उंच झाला. मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. त्या काळात तो नुसता वाट पाहत बसला नाही. त्याने मोटार दुरुस्तीचे काम शिकून घेतले आणि गावच्या संघातून खेळणेही चालू ठेवले. हातात हुन्नर आणि मनात ध्येय, अशी दोन्हींची जोड त्याने घातली.

सन १९६१ मध्ये उदिनेझे क्लबतर्फे त्याला पहिल्या श्रेणीचा पहिला सामना खेळायला मिळाला. फिओरेन्तिना संघाविरुद्ध त्या दिवशी त्याच्यावर पाच गोल झाले! आपल्यापैकी कोणाचा मुलगा असा सामना खेळून घरी आला असता तर आपण त्याला काय म्हटले असते, याचा ज्याने त्याने विचार करावा. झॉफ तेथून मांतोवा, मग नेपल्सचा नापोली अशा पायऱ्या चढत गेला. सन १९६८ मध्ये इटलीने युरोपीय अजिंक्यपद जिंकले तेव्हा गोलमध्ये तोच होता. तरीही १९७० च्या विश्वचषकात त्याला राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसावे लागले. जागा आल्बेर्तोसी या दुसऱ्या गोलरक्षकाला मिळाली. सन १९७२ मध्ये युव्हेंटसने त्याला आपल्याकडे घेतले. ज्या क्लबाने चौदाव्या वर्षी दार लावले होते, त्याच क्लबाचे दार त्याने पुढे अकरा वर्षे राखले. या अकरा वर्षांत साखळी स्पर्धेचा एकही सामना त्याने चुकवला नाही, आणि संघाने सहा वेळा इटलीचे विजेतेपद मिळवले. देशाकडून खेळताना १९७२ ते १९७४ या काळात सलग १,१४२ मिनिटे त्याच्यावर एकही गोल झाला नाही. पहिल्या निकालाला हे उत्तर होते.

दुसरा निकाल १९७८ चा. अर्जेंटिनातील विश्वचषकात हॉलंडने आणि नंतर ब्राझीलने लांबून मारलेल्या जोरदार फटक्यांवर त्याला चकवले. इटली चौथ्या क्रमांकावर राहिली. झॉफ तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. म्हातारा झाला, आता नजर काम देत नाही, असे लोक उघड बोलू लागले. मित्रहो, टीका अगदीच निराधार नव्हती. गोल झाले होते आणि ते लांबूनच झाले होते. झॉफने भांडण केले नाही, दुसऱ्यावर बोट दाखवले नाही आणि हातमोजेही काढून ठेवले नाहीत. तो सरावाला जात राहिला.

चार वर्षांनी, १९८२ मध्ये, स्पेनच्या विश्वचषकाला तो इटलीचा कर्णधार म्हणून गेला. वय चाळीस. पहिले तिन्ही सामने बरोबरीत सुटले आणि देशातील वर्तमानपत्रांनी संघावर अशी झोड उठवली की खेळाडूंनी वार्ताहरांशी बोलणेच बंद केले. संघाच्या वतीने बोलायचे ते फक्त कर्णधाराने, असे ठरले; आणि कर्णधार तर मुळात अबोल! पुढे अर्जेंटिनाचा पराभव झाला. मग ५ जुलै रोजी बार्सिलोनात ब्राझीलशी गाठ पडली. इटली ३-२ अशी पुढे असताना, सामना संपण्यास अगदी थोडा वेळ उरला होता. ब्राझीलच्या ऑस्करने डोक्याने मारलेला चेंडू झॉफने झेप घेऊन अगदी रेषेवर दाबून धरला. तो सुटला असता तर बरोबरी झाली असती आणि बरोबरीवर ब्राझील पुढे गेला असता. म्हणजे चार वर्षे जिच्याविषयी शंका घेतली गेली, त्या नजरेनेच तो सामना वाचवला. ११ जुलै रोजी माद्रिदमध्ये इटलीने पश्चिम जर्मनीला ३-१ असे हरवले आणि चाळीस वर्षांच्या झॉफने विश्वचषक उचलला. पुढे इटलीने टपाल तिकीट काढले, त्यावर चषक धरलेले हात होते. ज्या हातांच्या कामाची एरवी कोणी मोजदाद करीत नाही, त्या हातांचा असा गौरव झाला.

सन १९८३ मध्ये त्याने खेळणे थांबवले आणि पुढे प्रशिक्षक झाला. गोलरक्षकाला एक फायदा असतो : सगळा खेळ त्याच्या समोर चालतो, त्यामुळे कोण कोठे कमी पडतो हे त्याला सर्वांत आधी दिसते. पण प्रशिक्षकाचे हात बांधलेले असतात. चेंडू गोलकडे येताना दिसतो, तो अडवता मात्र येत नाही. शिक्षकाचे आणि आईबापांचे असेच नाही का? परीक्षेच्या दालनात मूल एकटेच असते.

सन १९८८ मध्ये युव्हेंटसने त्याला प्रशिक्षक नेमले. त्याचा मदतनीस होता गाएतानो शिरेआ, अनेक वर्षांचा खेळातील सोबती. सप्टेंबर १९८९ मध्ये प्रतिस्पर्धी संघाची पाहणी करण्यासाठी शिरेआ पोलंडला गेला आणि तेथे मोटार अपघातात मरण पावला. एवढे दुःख पोटात घेऊन झॉफने संघ सांभाळला, आणि त्याच हंगामात, १९९० मध्ये, इटलीचा चषक आणि युरोपातील युएफा चषक असे दोन्ही जिंकून दिले. तरीसुद्धा मालकांना नवी पद्धत हवी होती. झॉफला जावे लागले. तो रोममधील लाझिओ क्लबाकडे गेला. तेथे आधी प्रशिक्षक आणि मग चक्क अध्यक्ष झाला. १९९७ मध्ये संघ अडचणीत आला तेव्हा अध्यक्षपदावरचा हा माणूस पुन्हा मैदानावर उतरून प्रशिक्षकाचे काम करू लागला. मोठ्या खुर्चीवर बसलो म्हणून खालचे काम हलके, असे त्याला वाटले नाही.

तिसरा निकाल २००० सालचा. झॉफ तेव्हा इटलीच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. युरोपीय स्पर्धेच्या तोंडावर त्याचा पहिला गोलरक्षक बुफॉन जखमी झाला. त्याच्या जागी तोल्दो उभा राहिला. हॉलंडविरुद्ध उपांत्य सामन्यात इटलीचा एक खेळाडू बाहेर काढला गेला. उरलेल्या दहा जणांनी तग धरला आणि तोल्दोने पेनल्टी अडवून संघाला अंतिम फेरीत नेले. २ जुलै रोजी रॉटरडॅममध्ये फ्रान्सविरुद्ध इटली १-० अशी पुढे होती. नव्वद मिनिटे पूर्ण झाली होती; वाया गेलेल्या वेळेची भरपाई चालू होती. तेवढ्यात विल्टॉर्डने बरोबरी केली आणि जादा वेळेत त्रेझेगेने गोल करून सामना संपवला. काही क्षणांच्या अंतराने चषक हातचा गेला. दुसऱ्या दिवशी सिल्व्हियो बेर्लुस्कोनी यांनी झॉफवर जाहीरपणे तिखट टीका केली. ते मोठे राजकीय पुढारी आणि एका बड्या क्लबाचे मालक होते. फ्रान्सच्या झिदानवर खास माणूस ठेवायला हवा होता, हे कोणालाही कळले असते, असा त्यांचा रोख होता. झॉफने त्यानंतर लगेच राजीनामा दिला. पराभवाविषयी त्याची तक्रार नव्हती. प्रामाणिक कामाचा जाहीर अवमान त्याला मान्य नव्हता.

आता विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. १९७८ मध्येही टीका झाली आणि २००० मध्येही झाली. पहिल्या वेळी तो राहिला, दुसऱ्या वेळी गेला. असे का? पहिल्या वेळी प्रश्न कामाचा होता. कामावरच्या टीकेला कामानेच उत्तर देता येते. तेथे रुसून बसणे योग्य नव्हे. गुरुजींनी वहीत लाल रेघ मारली म्हणून कोणी शाळा सोडत नाही. दुसऱ्या वेळी प्रश्न इभ्रतीचा होता. तेथे त्याने आरडाओरड न करता खुर्ची सोडली, पण काम सोडले नाही. २००५ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने खालच्या श्रेणीत घसरू पाहणारा फिओरेन्तिना संघ हाती घेतला आणि तो वाचवला. पहिल्या सामन्यात ज्याने पाच गोल केले होते, तोच हा संघ!

पालकांना माझी एक विनंती आहे. नाकारलेला प्रत्येक मुलगा झॉफ होत नाही, हे मलाही कळते. खेळावर पोट भरेलच असेही मी म्हणणार नाही. म्हणून तर त्याने मोटार दुरुस्ती शिकली, हे मी मुद्दाम सांगितले. परंतु आपल्याकडे आठवी-नववीत मुलगा नापास झाला की त्याला कामाला लावतात आणि मुलीचे तर नावच काढून घेतात. चौदाव्या वर्षी आपण मुलाची उंची मोजतो आणि तीच कायमची धरून चालतो. त्या आजीने तसे केले नाही. तिने निकाल वाचला, आणि दुसऱ्या दिवसापासून नातवाच्या ताटाकडे अधिक लक्ष दिले. आपल्या घरी ताटाबरोबर अभ्यासाला एक कोपरा, एक दिवा आणि आणखी एका वर्षाची सवलत द्या, एवढेच माझे मागणे आहे.

आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी उद्या सकाळी नेहमीच्या वेळी मैदानावर हजर राहावे.