ओढ्याकाठचं गवत आणि कालवडीचं रक्त



आष्ट्याच्या एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला वारणा, मधे आपला ऊस. पाण्याला आपण लक्ष्मी मानतो. पण 2019 आणि 2021 चे पूर ओसरल्यावर ओढ्याकाठी जो चिखल राहिला, त्यात गोगलगायी माजल्या. जनावरांच्या यकृतातला चपटा कृमी वाढतो तो याच पाणगोगलगायींच्या पोटात. तिथून बाहेर पडून तो पाण्यालगतच्या गवताला चिकटतो आणि आपण कापून आणलेल्या वैरणीबरोबर दावणीत येतो. जनावर चरायला सोडलं नाही म्हणजे ते वाचलं, असं समजू नका.

माझ्या गोठ्यातली एक संकरित गाय अशीच गेली. दूध कमी झालं, अंगावरचं मांस उतरलं, शेण पातळ झालं आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली. शेजारी म्हणाले, घटसर्प. पण घटसर्पाची सूज गरम असते, ताप फणफणतो. ही सूज थंड होती, बोटानं दाबली की खड्डा तसाच राहायचा. शेण एकदाच तपासून घेतलं, अंडी दिसली नाहीत, मी निर्धास्त झालो. शवविच्छेदनात यकृतावर सुरी फिरली तेव्हा करकर आवाज आला. पित्तनळ्या आतून चुन्यासारख्या कडक झाल्या होत्या आणि त्यांत पानासारखे कृमी होते. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

एका तपासणीवर विसंबलो, ही माझी चूक. अंडी पित्ताबरोबर आतड्यात उतरतात, रोज सारखी पडत नाहीत. शिवाय आपल्याकडचा कृमी अंडी घालण्याएवढा मोठा व्हायला तीन-चार महिने घेतो. तेवढे दिवस पिल्लं यकृत पोखरत असतात आणि शेण मात्र निर्मळ दिसतं. रक्त त्याआधी बोलतं. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि एलायझा चाचणी ती दाखवते. मानेच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं, ते गोठलं की वर सुटणारं पिवळसर पाणी, म्हणजे रक्तजल, वेगळं करायचं. छोट्या छोट्या खळग्यांच्या थाळीत ते घातलं की लागण झालेल्या जनावराच्या खळग्यात रंग उमटतो. एका थाळीत असे 96 खळगे असतात, म्हणजे सबंध गल्लीची जनावरं एका वेळी तपासून होतील.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. औषधानं कृमी मेले तरी प्रतिपिंडं कित्येक महिने रक्तात राहतात. त्यामुळे जुन्या गाईच्या रक्तावरून आजार आत्ताचा की गेल्या सालचा, हे उमगत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी कालवडी तपासा. जिनं यंदाच पहिल्यांदा ओढ्याकाठचं गवत खाल्लं, जिच्या अंगातली चिकातून आलेली प्रतिपिंडं केव्हाच ओसरली, तिच्या रक्तात खूण सापडली तर ती लागण यंदाचीच. तो ओढा दूषित आहे, हे त्या कालवडीनं सगळ्या गावाला सांगितलं. मग तिथली वैरण थांबवता येते. औषधही डॉक्टरांना विचारून नेमकं देता येतं, कारण काही औषधं फक्त मोठे कृमी मारतात, पिल्लांना हात लावत नाहीत.

क्रांतिसिंह नाना पाटील आपल्या वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. त्यांच्या नावाचं पशुवैद्यक महाविद्यालय शिरवळला आहे. आपल्या गोठ्यातलं रक्त तिथल्या प्रयोगशाळेपर्यंत आणि तिथलं ज्ञान आपल्या गोठ्यापर्यंत, अशी वाट पडावी म्हणून आम्ही पशुवैद्यक मंडळींना आणि आपल्याला इथं बोलावलं आहे.

जेवणानंतर मंडपामागे दहा कालवडी बांधलेल्या असतील. त्यांचं रक्त कसं घेतात ते डॉक्टर दाखवतील. वैरण आणणाऱ्या आमच्या आया-बहिणींनी पुढं यावं, पुरुष मंडळींनी थोडं मागं उभं राहावं. कोणत्या ओढ्याचं गवत कोणत्या गोठ्यात जातं, हे आया-बहिणींनाच ठाऊक आहे. डॉक्टरांनी नळीवर जनावराच्या नावाशेजारी त्या ओढ्याचंही नाव लिहून घ्यावं, ही विनंती.