इस्तंबूलच्या प्रवासाची आखणी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



प्रवासाहून परत आल्यावर त्याचे वर्णन करण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही तर अद्याप घराबाहेर पाऊलही टाकलेले नाही. तरीही चिटणीसांनी आम्हांस उभे केले आहे. आपल्या ज्ञातीतील अनेक निवृत्त मंडळी आता परदेशप्रवासाचा विचार करू लागली आहेत, परंतु जाण्यापूर्वीच्या तयारीविषयी कोणी फारसे बोलत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. येत्या ऑक्टोबरात आम्ही उभयतांनी इस्तंबूलला जाण्याचे योजिले आहे. त्या आखणीची हकिगत आपणांपुढे ठेवतो.

इस्तंबूलच का, असे पुष्कळांनी विचारले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु ३६ वर्षे आम्ही इतिहास-भूगोल शिकविला आणि दरवर्षी फळ्यावर एक वाक्य लिहिले : १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, त्यामुळे पूर्वेकडील व्यापाराचे मार्ग बंद झाले, म्हणून युरोपियनांना हिंदुस्थानचा जलमार्ग शोधावा लागला. हे वाक्य ज्यांनी वहीत उतरवून घेतले, त्यांतील कितीतरी जण आज या सभागृहात बसले आहेत. ज्या नगरीचे नाव तीन तपे उच्चारले, ती डोळ्यांनी पाहावी, एवढीच प्रथम इच्छा होती.

आरंभी आम्ही एका प्रवासी कंपनीचे माहितीपत्रक आणले. आठ दिवसांच्या सहलीत इस्तंबूलच्या वाट्यास दीड दिवस आला होता, आणि आयासोफियाच्या नावापुढे 'बाहेरून दर्शन' असे छापले होते. पंढरपुरास जाऊन कळसाचे दर्शन घेऊन परतणारे भाविक आम्ही पाहिले आहेत. पण त्यांची श्रद्धा मोठी असते. आमचा तो अधिकार नाही. तेव्हा आखणी आपणच करावी, असे ठरविले.

पहिली गोष्ट व्हिसाची. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन गटातील देशांचा चालू व्हिसा ज्यांच्यापाशी असतो, अशा भारतीयांना तुर्कस्तानचा व्हिसा घरबसल्या काढण्याची सोय आहे. इतरांना कागदपत्रे जोडून रीतसर अर्ज करावा लागतो. हे नियम बदलतात, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच ते पाहून घ्यावेत.

दुसरी गोष्ट नकाशाची. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीने या शहराचे युरोप आणि आशिया असे दोन भाग केले आहेत. युरोपकडील भागात पुन्हा गोल्डन हॉर्न नावाची खाडी आत शिरते. खाडीच्या दक्षिणेस तटबंदीचे प्राचीन नगर, उत्तरेस १३४८ साली जिनोआच्या व्यापाऱ्यांनी बांधलेल्या बुरुजाचा गलाता भाग, आणि सामुद्रधुनीपलीकडे उस्कुदार व कादिकॉय. एका दिवसात एकच भाग पाहावयाचा, असा आम्ही नियम केला. दीड कोटीहून अधिक वस्तीच्या शहरात इकडून तिकडे धावण्यातच दिवस संपतो.

तिसरी गोष्ट वारांची. तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, दोल्माबाहचे राजवाडा सोमवारी बंद, मोठा छपराचा बाजार रविवारी बंद, आणि शुक्रवारी दुपारची नमाज होईपर्यंत मशिदींत प्रवाशांना प्रवेश नसतो. ही चार वाक्ये लिहून भिंतीवर लावली, तेव्हा आमची पहिली आखणी निम्मी कोसळली.

उरलेली निम्मी सौभाग्यवतींनी पाडली. त्यांचे गुडघे दुखतात. आमची यादी वाचून त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहायच्या जागा लिहिल्यात, बसायच्या जागा कुठे लिहिल्यात?" आम्ही निरुत्तर झालो. आता दोन स्थळांच्या मध्ये एक विश्रांती आहे आणि तिसरी दुपार पूर्णपणे नावेसाठी राखली आहे. एमिनोनूच्या धक्क्यावरून आशियाच्या काठाला जाणारी साधी उतारूंची नाव घ्यावी, बाकावर बसावे आणि घुमट व मनोऱ्यांची रांग पाण्यावरून पाहावी. याहून स्वस्त आणि गुडघ्यांना मानवणारे दर्शन दुसरे नाही.

आयासोफियासाठी मात्र पूर्ण सकाळ ठेवली आहे. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत ही वास्तू उभी राहिली. सुमारे ३१ मीटर व्यासाचा तिचा घुमट ५५८ साली कोसळला आणि ५६२ पर्यंत पुन्हा, अधिक उंच, बांधला गेला. प्रथम चर्च, १४५३ पासून मशीद, १९३५ पासून संग्रहालय, आणि २०२० पासून पुन्हा मशीद, अशी तिची स्थित्यंतरे झाली. २०२४ पासून परदेशी प्रवाशांना शुल्क देऊन वरच्या सज्जातून ती पाहावी लागते. म्हणजे चढ आला. म्हणून सकाळची वेळ. मशिदींत स्त्रियांनी डोके झाकावयाचे असते; सौभाग्यवती म्हणाल्या, पदर आहेच.

तोपकापीतील ज्या वस्तूसाठी आमचा जीव अडकला आहे, ती बहुधा दिसणार नाही. पिरी रेईस या तुर्की दर्यावर्द्याने १५१३ साली काढलेला जगाचा नकाशा १९२९ साली याच राजवाड्यात सापडला. तो नेहमी मांडून ठेवलेला नसतो. त्याचा अटलांटिक महासागराकडील तुकडा तेवढा उरला आहे. हिंद आणि सिंध दाखविणारे पोर्तुगीज नकाशे आपण पाहिले, असे त्यावर नमूद आहे. परंतु हिंदुस्थानचा भाग ज्यावर असावा, तो तुकडाच नाहीसा झाला आहे. आयुष्यभर फळ्यावर नकाशे काढणाऱ्या माणसाला याची चुटपुट लागावी, यात नवल नाही.

आता ज्यासाठी हे भाषण स्वीकारले, ती कबुली. एमिनोनूजवळ मसाल्यांचा जुना बाजार आहे. त्याचे तुर्की नाव 'मिसर चारशी', म्हणजे इजिप्तचा बाजार. सतराव्या शतकात इजिप्तच्या महसुलातून तो बांधला गेला. नववीतील आमची नात आखणीस मदत करीत होती. तिने विचारले, "आजोबा, तुर्कांनी इजिप्त कधी घेतला?" आम्ही म्हणालो, १५१७. "मग वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, तेव्हा तिथली वाट तुर्कांनी कशी बंद केली असेल?"

आम्ही गप्प बसलो आणि पुस्तके काढली. व्हेनिसचे व्यापारी मिरी घेत ती मुख्यतः अलेक्झांड्रियात, आणि तेथे तेव्हा मामलुकांचे राज्य होते. विजेत्या सुलतानाने १४५४ सालीच व्हेनिसशी व्यापाराचा तह केला होता. पोर्तुगीजांनी तर १४१५ साली स्यूटा घेतले आणि १४३४ पर्यंत त्यांची गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याने बोजादोर भूशिराच्या पुढे गेली होती. कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाला महत्त्व नव्हते, असे नव्हे. परंतु पूर्वेची वाट त्याने बंद झाली नव्हती. मधल्या अडत्यांचा नफा टाळून मिरी थेट मिळवावी, सोने मिळवावे, धर्माचा प्रसार करावा, अशी पोर्तुगीजांची उद्दिष्टे होती. १५१० साली ते गोव्यात आले, त्याची मुळे अशी आहेत. विद्यार्थीमित्रहो, ते वाक्य पाठ्यपुस्तकातले होते हे खरे. पण वर्षांचा मेळ घालून पाहण्याचे काम शिक्षकाचे होते. ते आम्ही केले नाही. आपापल्या मुलांना ते वाक्य सांगितले असेल, तर कृपया दुरुस्त करावे.

जेवणाचेही सांगतो. शाकाहारी माणसाने 'एतसिझ', म्हणजे बिनमांसाचे, हा शब्द पाठ करावा. पुलाव कधी मांसाच्या रसात शिजविलेला असतो, म्हणून विचारावे. मसुरीचे सार आणि तीळ लावलेले 'सिमित' नावाचे पावाचे कडे सर्वत्र मिळते. शब्दांची तर भीतीच नको. चहाला ते 'चाय' म्हणतात, साबणाला 'साबुन', मैदानाला 'मेयदान', आणि खाणावळीत पैसे चुकते करताना 'हेसाप' मागतात, तोच आपला हिशेब. फारसी-अरबी शब्द त्यांच्याकडे गेले तसे आपल्याकडेही आले.

प्रवासाची खरी फळे परत आल्यावर मिळतात, असे म्हणतात. आम्हांस एक फळ निघण्यापूर्वीच मिळाले. सुखरूप परत आलो, तर मिसर चारशीतील मिरीची पुडी आमच्या नातीला देऊ. ती तिची गुरुदक्षिणा.