दातातली कांडी आणि मुसळाची वसवी



बचत गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची कारणं लिहिताना बी-बियाणं, शाळेची फी यांच्या जोडीला आता ‘दाताचा इलाज’ही येतो. त्यातलाच एक प्रश्न आज घेऊ. रूट कॅनाल झालेला दात तुटला की डॉक्टर म्हणतात, आत पोस्ट बसवावा लागेल. एवढा पैसा घातल्यावर दात टिकेल का?

पोस्ट म्हणजे दाताच्या मुळात बसवलेली बारीक कांडी. वरचा दात फारसा उरलेला नसतो, तेव्हा या कांडीच्या आधारानं नवा गाभा उभा करतात आणि त्यावर कॅप घालतात. पण नीट ऐका, कांडी दाताला बळ देत नाही. ती फक्त गाभा धरून ठेवते. उलट कांडीसाठी मूळ जास्त कोरलं, तर ते पातळ होऊन चिरू शकतं.

बळ येतं ते उरलेल्या दातातून. मुसळाच्या टोकाला लोखंडी वसवी असते. ती लाकूड चहूबाजूंनी आवळून धरते, म्हणून कांडताना मुसळ चिरत नाही. कॅपचंही तसंच. हिरडीच्या वर चांगला दात चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर उरला असेल, तर कॅप त्याला आवळून धरते. तेवढाही नसेल, तर महागातली कांडीसुद्धा भरवशाची नाही.

कांड्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या. धातूची कांडी कडक असते. तिचा दाब मुळावर येतो, आणि मूळ उभं चिरलं तर बहुतेक वेळा दात काढावाच लागतो. काचेच्या तंतूंची फायबर कांडी दातासारखीच थोडी लवते. ती बिघडली तर बहुधा निसटते. मूळ वाचतं, पुन्हा काम करता येतं. कोणती बरी, हे दात पाहूनच ठरतं.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: हिरडीच्या वर दात किती उरलाय? कांडी कशाची? कॅप कधी बसवणार? सगळा मिळून खर्च किती?

रूट कॅनालनंतर दुखणं थांबतं आणि आपण कॅप ‘सुगीनंतर बघू’ म्हणून ठेवतो. दाढ तुटायची भीती याच काळात जास्त. मिशरी लावून दुखणं दाबू नका. कीड आत चालूच राहते. आपल्या छत्रपती संभाजीनगरात घाटी परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. जुने एक्स-रे सोबत घेऊन तिथं दाखवा. दात थोडा किडला असतानाच गेलात, तर कांडीची वेळच येणार नाही.