पाहुण्यांचा पैसा गावात राहावा
(साहाय्यकांच्या सभेत केलेले भाषण)



पावसाळ्यात जव्हारकडे गाड्यांची रीघ लागते. लोक दाभोसा धबधबा पाहतात आणि परततात. दिवाळीनंतर मात्र याच तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागते. माणसे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. पाहुण्यांचा पैसा गावात राहिला, तर यातली काही कुटुंबे तरी गावात राहतील.

त्यासाठी सरकारी निधी आहे. २०१५ पासून आपल्या राज्यात आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळतो. त्यातून रस्ते, आरोग्य, शिक्षण यांबरोबर वन्यजीव पर्यटन आणि वनउपजीविकेची कामेही घेता येतात. कोणते काम घ्यायचे, ते ग्रामसभेने ठरवायचे.

पण ग्रामसभेत गावकरी बोलले नाहीत, तर कंत्राटदाराचे फावते. गावाच्या तोंडाशी कमान उभी राहते. वाट दाखवणारा तरुण आणि नागलीची भाकरी थापणारी मावशी रिकाम्या हातीच राहतात. बोहाड्याची सोंगे पाहुण्यांपुढे नाचवायची की नाही, हेही गावानेच ठरवावे. तो त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.

म्हणून आपल्या सेवकांनी गावात तयार योजना नेऊ नये. ठराव लिहायला आणि निधीचा हिशेब वाचायला लोकांना मदत करावी, बायकांना सभेत बोलायचे बळ द्यावे. तुमचे दान या कामी येऊ द्या आणि प्रार्थनेत या गावांची आठवण ठेवा.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.