मॅट्रिक्स: बाजाराच्या यादीतून

दहावीच्या बीजगणितात निश्चयक येतो. मुले तिरका गुणाकार करून गुण मिळवतात. पण आकडे चौकटीत का मांडायचे, हे कळायच्या आत काही जण गणित सोडूनही देतात. मला वर्गावर उभे केलेत, तर मी आधी बाजाराची यादी काढेन.

समजा, कर्जतच्या एका घराला 5 किलो तांदूळ, 2 किलो वाल लागतात. खालापूरच्या घराला 3 आणि 4. प्रत्येक घराची आडवी ओळ, प्रत्येक जिनसाचा उभा स्तंभ. झाली मॅट्रिक्स! पुढच्या महिन्याची यादी मिळवताना तांदळात तांदूळ, वालात वाल: ही बेरीज. दोन्ही घरी लग्न, सगळेच दुप्पट: हा संख्येने गुणाकार.

आता भाव धरू: तांदूळ 50, वाल 120 रुपये किलो. पहिल्या घराचे 5 × 50 अधिक 2 × 120, म्हणजे 490 रुपये, दुसऱ्याचे 630. ओळीने स्तंभाला गुणतात, ते यासाठी. तिसऱ्या जिनसाचा भाव आला, तर यादीत त्याला जोडीदार नाही. म्हणून गुणाकार अडतो.

संगणकातला कृष्णधवल फोटोही अशीच मॅट्रिक्स असतो: 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. आकडे वाढवले, की फोटो उजळतो. माझी नोकरी असल्याच हिशेबांवर चालते.

नियमामागचे कारण कळले, तर अकरावीला गणित घ्यायचे की नाही, हे मुले भीतीपोटी ठरवणार नाहीत. त्यासाठी आपण प्रत्येकाने एक शनिवार शाळेला द्यावा, एवढीच विनंती.